पाडा, पेठ आणि सेक्टर : बेलपाड्याच्या निमित्तानें नगरविभागांच्या नांवांची चिकित्सा

(१)

ता. १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं नव्या मुंबईंतील बेलापूर ते पेंधर हा मेट्रो-रेल्वेचा पहिला मार्ग उतारूंसाठीं खुला झाला. मार्गाची लांबी सुमारें ११ किलोमीटर असून त्यावर ११ स्थानकें आहेत. त्यांचीं नांवें क्रमानें अशीं : बेलापूर, आर. बी. आय. कॉलनी, बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गांव, सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत, पेठाली-तळोजा आणि पेंधर. हा मार्ग आंखला जात असतां जे तक्ते प्रसिद्ध झाले त्यांत मात्र यांपैकीं कित्येक स्थानकें ‘सेक्टर ७’, ‘सेक्टर ११’, ‘सेक्टर १४’, ‘सेक्टर ३४’ अशा आंकड्यांनीं दाखविलेलीं होतीं. आणि आज ज्यास बेलपाडा म्हणतात त्या स्थानकाच्या जागीं ‘सायन्स पार्क’ असें नांव होतें. मार्ग सुरू होतांना त्यांतला एकही सेक्टर-अंक स्थानकाच्या पाटीवर उरला नाहीं.

जुन्या कागदांत रमणाऱ्या वाचकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आम्हांस ती तशी वाटत नाहीं. पोथीच्या दोन प्रतींत एका शब्दाच्या जागीं दुसरा शब्द आढळला म्हणजे आपण त्यास पाठभेद म्हणतों, व कोणता पाठ आधींचा, कोणता मागाहून शिरला आणि कां शिरला याचा विचार करितों. येथें एकाच भूमीचे दोन पाठ आपल्यासमोर आहेत. एकांत भूमि आंकड्यांनीं ओळखली जाते, दुसऱ्यांत नांवांनीं. हे दोन्ही पाठ आपल्या डोळ्यांदेखत तयार झाले असल्यामुळें त्यांची चिकित्सा करण्याची संधि आपणांस आहे. पेठांच्या बाबतींत ती आपल्या पूर्वजांनीं बहुतांशीं गमावली होती. तीच चिकित्सा प्रस्तुत लेखांत थोडक्यांत करण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम विभागवाचक शब्दांचा विचार करूं. मराठी भाषेंत वस्तीच्या भागांस जे शब्द आहेत ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. पेठ म्हणजे व्यापाराकरितां वसविलेला भाग. आळी म्हणजे घरांची रांग. वाडा म्हणजे एका जातीची वा एका धंद्याची वस्ती. मोहल्ला म्हणजे बहुधा मुसलमानी वस्तीचा भाग. वाडी म्हणजे बागाईत वा मळा व त्यालगतचीं घरें. आणि पाडा म्हणजे मुख्य गांवापासून सुटून कांहीं अंतरावर वसलेलीं थोडीं घरें. प्रत्येक शब्दांत तो भाग वेगळा कां पडला याचें कारण सांठविलेलें आहे. यांतले बहुतेक प्रकार पाहण्यास पनवेलसारखें दुसरें सोयीचें शहर नाहीं. तेथें नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली. पण लाइन आळी, कापड गल्ली, मिरची गल्ली, कोळीवाडा, पटेल मोहल्ला हीं नांवें कोणा एका अधिकाऱ्यानें एका दिवशीं दिलेलीं नव्हेत. जो माल विकला जाई, जे लोक राहत, घरें ज्या रीतीनें उभीं राहिलीं, त्यावरून तीं पडलीं.

बेलपाडा हें याच पनवेल तालुक्यांतील खारघरच्या परिसरांतलें गांव. नांवांतच पाडा असल्यानें तें प्रारंभीं कोणत्या तरी मोठ्या वस्तीचें अंग असावें, एवढें अनुमान शब्द आपणांस करूं देतो. याहून अधिक नाहीं. आज टपालाच्या पत्त्यांत ‘सेक्टर ३, बेलपाडा, खारघर, नवी मुंबई’ अशी चार नांवांची माळ दिसते. या माळेंतला प्रत्येक मणि वेगळ्या काळाचा व वेगळ्या हाताचा आहे. ‘बेलपाडा’ हा तेथें राहणाऱ्यांचा शब्द. ‘खारघर’ हें शेजारच्या एका गांवाचें नांव, परंतु आतां अनेक गांवांच्या भूमीवर पसरलेलें. ‘सेक्टर ३’ हा नियोजनकाराचा अंक. आणि ‘नवी मुंबई’ हें शासनानें घोषित केलेलें नगरनाम. महानगरपालिका म्हणून पाहूं गेल्यास ही भूमि नव्या मुंबईच्या महानगरपालिकेंत नसून ता. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं अस्तित्वांत आलेल्या पनवेल महानगरपालिकेंत आहे, ही पांचवी गोष्ट पत्त्यांत येतच नाहीं. बेलापूर ठाणें जिल्ह्यांत व बेलपाडा रायगड जिल्ह्यांत, म्हणजे मेट्रोच्या वाटेवर थोड्याच अंतरांत दोन महानगरपालिकांची व दोन जिल्ह्यांची सीमा ओलांडली जाते. पाटीवरून मात्र याचा कांहींच बोध होत नाहीं.

(३)

सेक्टर ही अगदीं परकी व निर्जीव कल्पना असून पेठ ही मात्र आपोआप वाढलेली सजीव वस्तु होती, असा एक समज आमच्या वर्गांत रूढ आहे. तो कितपत खरा आहे हें पुण्याच्या उदाहरणानें तपासून पाहूं.

नारायण विष्णु जोशी यांचें ‘पुणें शहराचें वर्णन’ १८६८ सालीं प्रसिद्ध झालें, व १८८५ च्या गॅझेटियरांत पुण्याच्या अठरा पेठांची माहिती आली. या पेठांच्या नांवांचे थर पाहिले तर काय दिसतें? सात पेठा वारांच्या नांवांच्या. त्यांपैकीं सोमवार पूर्वी शहापूर, मंगळवार अष्टापूर, रविवार मलकापूर, शुक्रवार विसापूर, शनिवार मुर्तजाबाद, बुधवार मोहियाबाद आणि गुरुवार वेताळ पेठ या नांवानें ओळखली जाई. म्हणजे आज ज्या वारांच्या नांवांस आपण अस्सल पुणेरी म्हणतों, तीं दुसऱ्या नांवांच्या जागीं बसलेलीं आहेत. पुढें सदाशिवरावभाऊंच्या नांवानें सदाशिव, नारायणराव पेशव्यांच्या नांवानें नारायण, आणि पूर्वीच्या हनुमंत पेठेच्या जागीं नाना फडणीसांच्या नांवानें नाना, अशा पेठा आल्या. सदाशिव पेठ जेथें वसली तेथें पूर्वी नायगांव होतें. आज सदाशिव पेठेंत राहणाऱ्या किती जणांस आपण नायगांवांत राहतों हें ठाऊक आहे?

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, पेठ हीही योजून वसविलेली वस्तु होती. पेठ वसविणारा कोणी धनी असे. व्यापारी यावेत म्हणून कौल दिला जाई, कांहीं वर्षें कर माफ होई, शेटे-महाजनांचीं वतनें ठरत. ज्या अर्थानें सेक्टर ‘वरून’ आला त्या अर्थानें पेठही वरूनच आली. आठवड्याचे वार ओळीनें पेठांस देणें यांतही आंकडे घालण्याचीच वृत्ति आहे. अंकाच्या जागीं वार आहे, इतकेंच. दुसरी गोष्ट अशी कीं, पेठेनेंही आपल्या खालचें गांव गिळलें. तेव्हां सेक्टरास जो दोष आपण देतों तो पेठेसही द्यावा लागेल, किंवा दोष नेमका कोठें आहे तें अधिक बारकाईनें शोधावें लागेल.

आमच्या मतें खरा भेद निराळा आहे. मुर्तजाबाद गेलें व शनिवार आलें. पण मुर्तजाबाद म्हणजेच शनिवार हें आपणांस ठाऊक आहे, कारण दोन्ही नांवें एकत्र सांगणारा कागद व ती नोंद घेणारा लेखक वेळेवर मिळाला. नांव बदललें यानें इतिहासाची हानि झाली नाहीं. जुन्या-नव्या नांवांची जुळणी हरवली असती तर ती झाली असती.

(४)

मुंबईचें उदाहरण या विचारास पुष्टि देतें. मुंबई, कुलाबा, धाकटा कुलाबा, माझगांव, परळ, वरळी व माहीम अशीं सात बेटें जोडून एक शहर झालें व त्या सर्वांवर एकाच बेटाचें नांव पसरलें. खारघर या एका गांवाचें नांव बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे इत्यादि गांवांच्या भूमीवर पसरलें, त्याचीच ही मोठी व जुनी आवृत्ति होय. परंतु मुंबईंत माझगांव, परळ, वरळी, माहीम हीं नांवें शहराच्या विभागांचीं नांवें म्हणून टिकलीं. पालिकेनें ए, बी, सी, डी अशीं अक्षरें विभागांस दिलीं. करभरणा व तक्रारअर्ज यांपलीकडे तीं अक्षरें गेलीं नाहींत. ‘आम्ही डी वॉर्डांत राहतों’ असें गिरगांवकर सांगत नाहीं. कारभाराचा विभाग व लोकांचा विभाग हे एकाच भूमीवर शेजारीं शेजारीं नांदूं शकतात, याचें हें प्रत्यंतर आहे.

पाडा या शब्दाच्या दृष्टीनें तर मुंबई विशेष विचारार्ह आहे. आग्रीपाडा व नागपाडा हे आज दाट वस्तीचे शहरी भाग आहेत. त्यांभोंवतीं शेत नाहीं, कीं ज्याचा पाडा असें म्हणावें तें गांवही दिसत नाहीं. तरी शब्द राहिला. खेतवाडी, फणसवाडी यांची तीच गोष्ट. ज्यांना वाटतें कीं सेक्टर आल्यावर पाडा पुसला जाणें अटळ आहे, त्यांनीं आग्रीपाड्याकडे पाहावें. शब्दाचा मूळ अर्थ संपल्यावरही केवळ खूण म्हणून तो शतकभर वापरांत राहूं शकतो. गोविंद नारायण यांच्या ‘मुंबईचें वर्णन’ (१८६३) या ग्रंथापासून शेपर्ड यांच्या १९१७ च्या मुंबईच्या स्थळनामांवरील व रस्त्यांच्या नांवांवरील इंग्रजी पुस्तकापर्यंत जी नोंद झाली, तिचा हा लाभ आहे कीं त्या खुणा आज वाचतां येतात.

(५)

आतां नव्या मुंबईच्या आराखड्याकडे वळूं. मुंबईच्या पूर्वेस खाडीपलीकडे जोडशहर वसवावें ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं ‘मार्ग’ या नियतकालिकांत मांडली. ता. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवें व सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमि या योजनेखालीं आली. विकास-आराखड्यास १९७९ सालीं शासनाची मान्यता मिळाली. एकच मध्य असलेलें शहर न करितां अनेक उपनगरें एका माळेंत गुंफावीं, व प्रत्येकानें आपल्यापुरतें पूर्ण असावें, हें त्या आराखड्याचें मुख्य सूत्र. या उपनगरांस ‘नोड’ म्हणतात व त्यांची संख्या चौदा आहे.

न्याय्य टीका करावयाची तर गुणाचा उल्लेख आधीं केला पाहिजे. आराखडा करणारे नांवांचे द्वेष्टे नव्हते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणें, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली, कामोठें, उलवे या नोडांचीं नांवें त्या त्या ठिकाणच्या गांवांचींच आहेत. त्यांतलें सानपाडा तर स्वतः पाडाच! एक पाडा संबंध नोडाचा धनी झाला आणि दुसरा पाडा सेक्टराच्या एका कोपऱ्यांत राहिला, असा हा योग आहे. यांत पाड्यांच्या थोरवीचा प्रश्न नाहीं. रेषा कोठें पडली एवढाच प्रश्न आहे.

दोष आहे तो पुढच्या पायरीवर. नोडास नांव दिल्यावर त्याच्या आंत मात्र सर्व भूमि आंकड्यांनीं वांटली, आणि हे आंकडे प्रत्येक नोडांत पुन्हां एकापासून सुरू होतात. सेक्टर ३ वाशींतही आहे, नेरुळांतही आहे आणि खारघरांतही आहे. म्हणजे अंकाचा जो एकमेव मोठा गुण, संदेह न राहूं देणें, तोही येथें पुरता साधत नाहीं. चंडीगडची व्यवस्था याहून निराळी आहे. तेथें संबंध शहरास सेक्टरांची एकच मालिका असून सर्वसाधारण सेक्टर ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब, आपली शाळा व आपला बाजार आंत असलेला, असा योजिला होता. त्या योजनेच्या मागें अमेरिकन लेखक क्लॅरन्स पेरी यांनीं १९२९ सालीं मांडलेली ‘शेजार-घटका’ची विचारसरणी होती : प्राथमिक शाळा मध्यें, मोठे रस्ते कडेला, आणि पायीं जातां येईल एवढाच विस्तार. खारघरचे सेक्टर आकारानें व विस्तारानें एकसारखे नाहींत. टेंकडी, खाडी, महामार्ग व गांवठाणें पाहून ते आंखावे लागले. तेव्हां शब्द एक असला तरी चंडीगडचा सेक्टर हा शेजार आहे, खारघरचा सेक्टर बहुधा नकाशाचा तुकडा आहे. एका शब्दावरून दोन संस्था एकच मानण्याची चूक जशी आपण ‘देशमुख’ वा ‘पाटील’ या शब्दांच्या बाबतींत करीत नाहीं, तशी येथेंही करूं नये.

आणि अंकाला आठवण नसते, असेंही कोणी समजूं नये. चंडीगडांत तेराचा अंक अशुभ म्हणून मूळ मालिकेंत वगळला होता. पुढें २०२० सालीं मनीमाजरा या जुन्या गांवास तोच अंक देण्यांत आला. तेथें जुन्या नांवाच्या जागीं अंक आला. आपल्याकडे मेट्रोच्या पाटीवर अंकाच्या जागीं जुनें नांव आलें. त्याच चंडीगडांत बुरैल हें गांव सेक्टर ४५ च्या पोटांत आपलें नांव राखून आहे, हेंही बेलपाड्याच्या संदर्भांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

(६)

अंकाविरुद्ध सरसकट ओरड करणाऱ्यांस आम्ही आणखी एका गोष्टीची आठवण देतों. भूमीस अंक देण्याची रीत सिडकोनें आणली नाहीं. मुंबई इलाख्यांतील महसुली मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत सुरू झाली व पुढें इलाखाभर पसरली. तेव्हांपासून प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर व पोटहिस्सा आहे. मग त्या अंकानें नांवें कां मारलीं नाहींत? कारण ‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक’ असें लिहिलें जाई. अंकाच्या डोक्यावर गांवाचें नांव असे. सेक्टराच्या व्यवस्थेंत अंकाच्या डोक्यावर नोडाचें नांव आलें व मौजा मधून गळला. एवढाच फरक, पण परिणामानें मोठा.

त्याहून जुन्या कागदांत भूमि कशी सांगितली जाते? चतुःसीमेनें. पूर्वेस अमक्याचें शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस देवाची जागा, उत्तरेस बांध. म्हणजे शेजाऱ्यांवरून जागा ओळखावयाची. अंक हा मोजणीवरून जागा सांगतो, चतुःसीमा ही संबंधांवरून. अंक अधिक बिनचूक, यांत शंका नाहीं. परंतु चतुःसीमेच्या कागदांत तेथील माणसें, झाडें, पाणी व देव हीं सर्व येतात. इतिहासकारास जें हवें तें सर्व तेथें आहे. मात्र हा कागद वाचतां यावयाचा तो शेजारचीं नांवें जिवंत आहेत तोंपर्यंतच. ओढा बुजला, बांध सपाट झाला, शेताचें नांव सांगणारा म्हातारा गेला, आणि त्या जागीं ‘सेक्टर ३, भूखंड क्रमांक इतका’ एवढेंच उरलें, म्हणजे आपल्या संग्रहांतील खरेदीखत अक्षरशः उत्तम स्थितींत असूनही निरुपयोगी होतें. मोडी वाचतां येईल, पण तें भूमीवर कोठें लावावें तें कळणार नाहीं. पनवेलच्या खाडीकांठच्या खारबंदिस्तीच्या शेतींत तर प्रत्येक बांधास, प्रत्येक उघाडीस नांव असे. भरणी टाकून जमीन उंच केली कीं तीं सर्व नांवें एका पावसाळ्याच्या आंत निराधार होतात.

हा प्रश्न केवळ संग्राहकांचा नाहीं. जानेवारी १९८४ मध्यें जासई व दास्तान फाटा येथें भूसंपादनाविरुद्ध जें आंदोलन झालें त्यांत पांच जण प्राणांस मुकले. त्यानंतरच्या वर्षांत साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. संपादित जमिनीच्या त्या प्रमाणांत मूळ खातेदारास विकसित भूखंड मिळावयाचा; पण तो मूळ शेताच्याच जागीं मिळे असें नाहीं. अर्थात् एका कुटुंबाच्या हक्काची सांखळी चतुःसीमेपासून सर्व्हे नंबरापर्यंत व सर्व्हे नंबरापासून सेक्टर-भूखंडापर्यंत आली आहे. मधली एक कडी तुटली तर नातवास आजोबांची शेती कोठें होती हें सांगतां येत नाहीं. वतनाच्या वादांत याच कड्यांवरून पिढ्या न् पिढ्या भांडल्या आहेत, हें या पृष्ठांच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

(७)

सेक्टराच्या पक्षाप्रमाणेंच गांवाच्या पक्षाचीही परीक्षा केली पाहिजे. जुनें नांव आलें म्हणजे इतिहास आला, असें मानणें चूक आहे. मेट्रोच्या ज्या पाट्यांचा आरंभीं उल्लेख केला त्यांतच ‘केंद्रीय विहार’ हें एका निवासी संकुलाचें नांव आहे, ‘आर. बी. आय. कॉलनी’ हें एका वसाहतीचें, व ‘उत्सव चौक’ हें नव्या चौकाचें. बेलपाडा, पेठपाडा, पेंधर हीं त्यांच्याच रांगेंत बसलीं आहेत. लोकांनीं अंक नाकारला तो प्राचीनतेच्या प्रेमानें नव्हे. उतरावयाचें कोठें हें तोंडानें सांगतां यावें म्हणून. नव्या वसाहतीचें नांव असो वा जुन्या पाड्याचें, ज्यास ठिकाण म्हणून ओळख आहे तें टिकलें. आम्हांस हा निर्णय समंजस वाटतो. पण त्यास इतिहासाचें संरक्षण म्हणून गौरविणें अतिशयोक्तीचें होईल.

तसेंच व्युत्पत्तीचें. बेलपाडा हें नांव ऐकतांच बेलाचें झाड डोळ्यांपुढें उभें राहतें. आणि शेजारीं बेलापूर असल्यामुळें ‘बेलापुराचा पाडा तो बेलपाडा’ अशीही एक तयार उपपत्ति सुचते. दोन्ही ऐकावयास गोड आहेत. परंतु नामसाम्य हा पुरावा नव्हे. मुंबईच्या स्थळनामांचा विचार करणाऱ्यांनीं चिंच, उंबर, फणस, भेंडी यांवरून एकामागून एक नांवें सोडविलीं व त्यांतलीं पुष्कळ बरोबरही असतील. पण एका ठिकाणीं लागलेली किल्ली दुसऱ्या कुलपास लागेलच असें नाहीं. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची रीत नसल्यानें ‘बेल’ व ‘पाडा’ यांची फोड कागद स्वतः करून देत नाहीं; ती वाचकाची असते. ज्यास व्युत्पत्ति करावयाची आहे त्यानें आधीं तीन गोष्टी दाखवाव्या : नांवाचा जुन्यांत जुना लेख, त्यांतील अक्षरांचें यथातथ्य स्वरूप, आणि तें गांव त्या काळीं कोणत्या तर्फेंत व कोणत्या मौज्यालगत मोजलें जाई याचा उल्लेख. हा शोध करणाऱ्यांनीं एक सावधगिरी बाळगावी. १८८२ च्या सुमारास पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांत होता व त्याची माहिती ठाणें गॅझेटियरांत आहे. तो पुढें कुलाबा जिल्ह्यांत गेला, आणि कुलाब्याचें नांव १९८१ पासून रायगड आहे. एकाच गांवाचे कागद तीन नांवांच्या दप्तरांखालीं शोधावे लागतात. विभागांचीं नांवें बदलण्याचा हा फटका संशोधकास असा प्रत्यक्ष बसतो.

(८)

आतां शेवटची टीका, ती आपल्या स्वतःवर. आपण मोडी कागदास दप्तर म्हणतों व सात-बाराच्या उताऱ्यास रद्दी समजतों. पेशवाईंतील सनदेची नक्कल मिळाली तर ती छापावयास धांवतों. पण १९७० नंतरच्या भूसंपादनाच्या नोटिसा, मोजणीचे कच्चे नकाशे, गांवठाणाच्या हद्दीचे कागद, भूखंडवाटपाचीं पत्रें हीं बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे येथील घरोघरच्या पेट्यांत व पिशव्यांत वाळवीच्या स्वाधीन आहेत, तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. त्यांतले पुष्कळ कागद आतां पन्नास वर्षांचे झाले. नारायण विष्णु जोशी यांनीं पुण्याचें वर्णन छापलें तेव्हां पेशवाई बुडून पन्नासच वर्षें झालीं होतीं. त्यांनीं ‘हें सर्वांस ठाऊकच आहे’ म्हणून तें लिहिलें नसतें तर आज आपण कोणत्या आधारावर बोलत असतों?

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. पुढच्या पांच-सात वर्षांत ९५ गांवांपैकीं निदान पनवेल तालुक्यांतील गांवांचा एक जुळणीचा तक्ता तयार व्हावा. त्यांत ओळीनें मौजा, जुना सर्व्हे नंबर व हिस्सा, शेताचें किंवा बांधाचें बोलींतलें नांव, जवळचें देवस्थान वा पाणवठा, आणि आजचा नोड, सेक्टर व भूखंड अशीं घरें असावीं. माहिती सरकारी दप्तरांत विखुरलेली आहे. तिसरें घर मात्र केवळ वृद्ध शेतकऱ्यांच्या व कोळणींच्या तोंडीं आहे, आणि तें प्रथम भरलें पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं खाडीकांठच्या गांवांचे कागद असतील त्यांनीं चतुःसीमेच्या ओळी तरी उतरून घ्याव्या. कागद कोणाचा, हक्क कोणाचा, या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. जागा कोणती, एवढेंच नोंदावें.

सेक्टर जाणार नाहींत, आणि ते जावेत असें आमचें म्हणणेंही नाहीं. आणखी शंभर वर्षांनीं कोणी संशोधक ‘खारघर सेक्टर ३’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील नगररचनेचा अस्सल अवशेष म्हणून जपून ठेवील, व तें योग्यच होईल. त्या वेळीं त्याच्या हातीं बेलपाड्याचें एखादें जुनें खत आलें तर तें कोणत्या सेक्टरांतील कोणत्या जागेचें, हें त्यास कळावें. मेट्रोच्या पाटीवर बेलपाडा हें नांव लागलें आहे; त्या नांवाखालची भूमि नोंदविण्याचें काम आपलें आहे.